समृद्धीवर निघण्याआधी टायर वाचा

एसयूव्ही मोठी आहे, तिला सहा एअरबॅग आहेत, म्हणजे घरची माणसं सुरक्षित आहेत, असं आपल्याकडे सर्रास धरून चालतात. पण ब्रेक असो, स्टिअरिंग असो की एबीएस, त्यांचं काम रस्त्यापर्यंत पोचतं ते चार टायरांमधूनच. आणि दीड-दोन टनांच्या गाडीचा प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. तेवढ्या जागेची काळजी घ्यायला नागपूरकरांनी शिकलंच पाहिजे, कारण समृद्धी महामार्ग आता आपल्या दारातून थेट ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर जातो आणि मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे.

आमच्यावर प्रसंग आला तो जानेवारीत. पहाटेच शिवमडक्याहून समृद्धीला लागलो, शिर्डीला जायचं होतं. गाडीत आम्ही पाच जण, डिकी भरलेली, चालवायला बायको. वेग मर्यादेतच होता. कारंजा लाडच्या अलीकडे मागून धपधप असा आवाज सुरू झाला, आणि काय होतंय हे विचारायच्या आत मागचा डावा टायर फुटला. गाडी एका बाजूला ओढू लागली. बायकोने ब्रेकला पाय लावला नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलला, वेग आपोआप उतरू दिला आणि मगच गाडी कडेला घेतली. त्या क्षणी जोरात ब्रेक दाबला असता तर गाडी फिरली असती. पार्किंग लाइट लावून आम्ही सगळे डावीकडच्या दारांनी उतरलो आणि क्रॅश बॅरियरच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. कुणाला खरचटलंही नाही. टायर फुटला तर हे सगळं याच क्रमाने करायचं असतं. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने ते आधीच मनात पक्कं करून ठेवावं.

फुटलेला टायर काढल्यावर दोन गोष्टी दिसल्या. त्याच्या बाजूच्या भिंतीला आतून गोल रिंगणासारखी घासल्याची खूण होती. हवा कमी असताना टायर बराच वेळ धावला की अशी खूण उमटते. दुसरं म्हणजे टायर दुकानातून नवा म्हणून आलेला असला, तरी तयार होऊन त्याला तेव्हाच चार वर्षं झालेली होती. तारीख असलेली बाजू दुकानदाराने आतल्या अंगाला बसवली होती, त्यामुळे ती कधी नजरेला पडलीच नव्हती.

हवा कमी कशी झाली? निघायच्या आदल्या दुपारी टायरवाल्याकडे हवा पाहून घेतली होती. तो म्हणाला, "भाऊ, सिमेंटचा रोड हाय, दोन-चार पॉइंट कमीच ठेवा. गरम झाला की हवा आपोआप वाढते." हा सल्ला विदर्भात जागोजागी मिळतो, आणि तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरची भिंत दर फेऱ्याला जास्त दुमडते. या दुमडण्यातून उष्णता तयार होते आणि रबरातून ती लवकर बाहेर पडत नाही. वेग आणि वजन वाढेल तशी ती आणखी साठते, मग आतले थर सुटू लागतात. चांगला टायर सहसा फुटतो तो या उष्णतेने. गाडी पळू लागल्यावर हवा थोडी वाढणार हे कंपनीने आपला आकडा ठरवतानाच धरलेलं असतं.

त्यात आपला हिवाळा. दुपारी २८-२९ अंश आणि पहाटे १० अंश, हे आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत नेहमीचं. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने कमी होते. आमच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरल्या गाडीला ३६ पीएसआय हवे होते. दुपारी शहरात फिरून तापलेल्या टायरात ३२ ठेवले गेले. पहाटे थंड झाल्यावर तेच २७ च्या आसपास आले असणार. म्हणजे गरजेपेक्षा पाव हिस्सा कमी, आणि तशा टायरावर पाच माणसं, सामान आणि तासन्‌तास न थांबता शंभरावर वेग.

म्हणून पहिला नियम हा की हवा गाडी न चालवता, थंड टायरात, सकाळी मोजायची. स्वतःचा गेज घरी ठेवा. महाग नसतो, आणि पंपावरचा काटा बरोबर असेलच असं नाही. आकडा घ्यायचा तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून, आणि गाडी भरलेली असेल तर भरल्या गाडीचा. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते. डॅशबोर्डवरच्या इशाऱ्याच्या दिव्यावर विसंबू नका, बऱ्याच गाड्यांत तो पाव हिस्सा हवा गेल्यावर लागतो. नायट्रोजन भरला म्हणून तपासणी सुटत नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. आणि स्टेपनीची हवा पाहायला विसरू नका. ती लहान आकाराची असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा.

नवा टायर घेताना त्याची भिंत वाचायला शिका. समजा लिहिलंय २१५/६० आर१७ ९६एच. २१५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ६० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या साठ टक्के, आर म्हणजे रेडियल, १७ इंचांची रिम. पुढचा ९६ सगळ्यात महत्त्वाचा, हा लोड इंडेक्स. तो टायर ७१० किलो वजन पेलतो. ९२ असेल तर ६३० किलोच. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता, टी म्हणजे १९०. एवढ्या वेगाने जायचं नसलं तरी या अक्षरामागे उष्णता सोसण्याची ताकद आहे. कंपनीने दिलेल्या टायरपेक्षा लोड इंडेक्स किंवा हे अक्षर खालचं असलेला टायर कितीही स्वस्त पडला तरी घेऊ नका. आयएसआयची खूण पाहा.

तारीख चार आकड्यांत असते. ३६२२ म्हणजे २०२२ सालचा छत्तिसावा आठवडा. बऱ्याच टायरांवर ती एकाच बाजूला असते, म्हणून टायर रिमवर चढण्याआधी पाहा आणि ती बाजू बाहेर ठेवायला सांगा. नागपूरच्या उन्हात रबर लवकर म्हातारं होतं. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. नक्षी शाबूत असली तरी पाच वर्षांनंतर दर वर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्या. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानेही तो टायर बाद. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे लावा, मागची पकड सुटली की गाडी सावरणं सगळ्यात कठीण जातं.

प्रकार कोणता? शहर आणि हायवे हेच रस्ते असतील तर एचटी, म्हणजे हायवे टेरेन. रुबाबदार खोल नक्षीचे एटी, म्हणजे ऑल टेरेन टायर शेत, जंगल, कच्चा रस्ता यांसाठी. ओल्या सिमेंटवर ते बहुधा उशिरा थांबतात. परदेशी मिळतात तसे विंटर टायर नागपूरला नकोत. त्यांचं रबर सात अंशांखालच्या थंडीसाठी मऊ ठेवलेलं असतं. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंशांपर्यंत पारा उतरला होता, पण तशी पहाट क्वचित, आणि दुपारच्या उन्हात ते रबर भराभर झिजतं.

मात्र राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्याच शहरातून श्रीनगरकडे जातो, आणि सुट्टीत गाडी घेऊन मनाली-काश्मीर गाठणारी कुटुंबं वाढली आहेत. त्या गोठलेल्या रस्त्यांवर आपले टायर कडक पडून घसरतात. फोर बाय फोर गाडीला पुढे न्यायला मदत करतं, थांबवायला करत नाही. मनालीकडे बर्फ पडल्यावर सोलंगकडून अटल बोगद्याकडे फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्याच गाड्या सोडतात. साखळी चढवायचा सराव नसेल तर आपली गाडी खाली ठेवून तिथली टॅक्सी करा.

आणि चांगला टायर म्हणजे सगळं नव्हे. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस जळून २५ जण गेले, तेव्हा टायर फुटल्याची चर्चा आधी झाली. आरटीओच्या तपासणीत मात्र तसा पुरावा आढळला नाही. वेग आणि झोप यांचा हिशेब टायरावर ढकलता येत नाही. धुक्यात पन्नास मीटरच दिसत असेल आणि रस्ता दवाने ओला असेल, तर साठच्या वेगालाही गुळगुळीत टायरची गाडी तेवढ्यात थांबेलच असं नाही. काटोल, अमरावतीच्या रस्त्यावर मागे दिवा नसलेली कापसाची ट्रॉली पुढे असू शकते. धुकं निवळेपर्यंत थांबा.

या हिवाळ्यात कुठे जाणार असाल तर आदल्या दिवशी टायरांच्या भिंती हात फिरवून पाहा. फुगवटा किंवा चीर दिसली तर तो टायर बदलल्याशिवाय निघू नका. निघायच्या सकाळी पाचही चाकांची हवा स्वतः मोजा. दहा मिनिटांचं काम आहे. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाचा जीव त्यावर आहे, म्हणून ते दुसऱ्यावर सोपवू नका.