रिव्हॉल्व्हरमध्ये पिस्तुलाचं काडतूस: एका कडेची गोष्ट

मित्रांनो, शीर्षक वाचून दचकू नका! विषय मशीन डिझाइनचाच आहे. यातली एकही बंदूक मी हातात धरलेली नाही, पण तिचा प्रॉब्लेम मात्र मला जाम आवडला.

आधी बेसिक फंडा. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. ती दोन कामं करते: काडतूस चेंबरमध्ये आत घसरू देत नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर ढकलताना एक्स्ट्रॅक्टरला पकड देते. पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक बसतात. तिथे कडा एकमेकींत अडकू नयेत म्हणून बुडाचा व्यास पुंगळीएवढाच ठेवून वर खाच कापतात. हे काडतूस पुंगळीच्या तोंडावर टेकतं. ते रिव्हॉल्व्हरमध्ये घातलं की एक्स्ट्रॅक्टरला धरायला काहीच उरत नाही!

मग हा खटाटोप कशाला? १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा .४५ ची पिस्तुलं कमी पडली. म्हणून कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांनी त्याच काडतुसाची रिव्हॉल्व्हरं बनवली. तीन काडतुसं धरणारी अर्धचंद्राकृती पत्र्याची क्लिप हा त्यावरचा तोडगा. दुसरं कारण आकाराचं. .३८ स्पेशलची पुंगळी सुमारे २९ मिमी लांब, ९ मिमीची फक्त १९. छोट्या रिव्हॉल्व्हरचा इजेक्टर रॉड आखूड असतो, त्यामुळे छोटी पुंगळी पटकन सुटते.

अशी मॉडेल्स थोडीच निघाली, म्हणून अमेरिकेतले संग्राहक ती शोधत असतात. घेताना काय पाहावं?

१) क्लिप. स्मिथ अँड वेसन ९४० (१९९१ ते १९९८) हे पाच गोळ्यांचं, खिशात मावणारं मॉडेल पूर्ण गोल क्लिपवर चालतं. क्लिपची जाडी त्या मॉडेललाच जुळायला हवी. ती वाकली असेल तर सिलिंडर घासतो, अडकतोसुद्धा.

२) एक्स्ट्रॅक्टर. मॉडेल ५४७ (१९८० ते १९८५) थोडं मोठं, पण क्लिपशिवाय चालतं. त्यात खाचेत शिरणारी बारीक बोटं आहेत. एक तुटलं तर पार्ट मिळवताना नाकी नऊ येतात.

३) चेंबर. सुरुवातीच्या कोल्ट १९१७ मध्ये चेंबर सरळ आरपार आहे, टेकायला पायरी नाही. क्लिप नसेल तर काडतूस आत सरकतं.

४) वजन. बंदूक हलकी असेल तर धक्क्याने पुंगळी मागे जाते आणि आतली गोळी इनर्शियामुळे पुढे सरकते. पिस्तुलाची पुंगळी तोंडावर टेकत असल्याने ते तोंड गोळीवर फार दाबून वळवता येत नाही, म्हणून पकड कमी. गोळी बाहेर डोकावली की सिलिंडर फिरतच नाही. जीव वाचवायला घेतलेली वस्तू दुसऱ्या-तिसऱ्या बाराला बंद! म्हणून तिथे नेहमीचंच काडतूस घालून चाचणी घ्यावी.

अमेरिकेत दुसऱ्या राज्यातून हॅंडगन घ्यायची तर व्यवहार सहसा परवानाधारक विक्रेत्यामार्फतच होतो. आपल्याकडे सर्व्हिस ९ मिमी आणि .४५ रिमलेसची रिव्हॉल्व्हरं-पिस्तुलं निषिद्ध वर्गात येतात, साध्या परवान्यावर मिळत नाहीत. तेव्हा आपण कागदावरच खेळू या!

तुमच्यासाठी होमवर्क: क्लिप नाही, नाजूक बोटं नाहीत, तरी पाचही पुंगळ्या एका दाबात बाहेर. जमतंय का बघा!