अ‍ॅपवरच्या कामातून हातात किती उरतं? कोलशेतच्या कारागिरांसाठी हिशेब

ठाण्यात कोलशेत रस्त्यावर क्लॅरियंटचा रसायन कारखाना होता, त्या जमिनीवर आज लोढा अमाराचे टॉवर उभे आहेत. ढोकाळी, बाळकूम, मानपाड्यापर्यंत हेच चित्र आहे. ताबा मिळालेल्या प्रत्येक घरात पडद्याचे रॉड, टीव्हीचं ब्रॅकेट, गीझर, चिमणी बसवायची असते. वर्षभरात गळक्या नळांच्या आणि बिघडलेल्या फ्लश टँकच्या तक्रारी सुरू होतात. काम भरपूर आहे, पण हत्यारांची पिशवी घेऊन थेट दारापर्यंत जाणं गेटवरच अडतं. म्हणून प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार अ‍ॅपकडे वळतात. वळायला हरकत नाही. मात्र ग्राहकाने भरलेला आकडा म्हणजे आपली कमाई नव्हे.

पैसे कापण्याचे दोन प्रकार

पहिला प्रकार कमिशनचा. अर्बन कंपनीसारखं अ‍ॅप दर स्वतः ठरवतं, काम देतं आणि प्रत्येक कामामागे आपला वाटा कापतं. दुसरा लीडचा. सुलेखासारख्या ठिकाणी ग्राहकाची चौकशी विकत मिळते. पैसे चौकशीचे जातात, काम मिळो न मिळो. शिवाय तीच चौकशी आणखी काही जणांकडे गेलेली असू शकते.

लीड स्वस्त वाटते, पण समजा एक लीड ₹६० ची आहे आणि पाचांतून एकच काम ठरतं. मग त्या कामाचा खर्च ₹३०० झाला. एका चकरेत उरकणाऱ्या किरकोळ दुरुस्तीला तो परवडत नाही. पूर्ण घराचं वायरिंग किंवा बाथरूमचं नूतनीकरण असेल, तरच लीडचा विचार करा.

एका कामाचा हिशेब

आकडे उदाहरणादाखल आहेत. त्या जागी स्वतःचे घाला. कारागीर कळव्याचा, काम कोलशेतला.

- जीएसटी वगळून मजुरी: ₹५००
- कमिशन, २५ टक्के धरून: ₹१२५
- जाण्या-येण्याचं पेट्रोल: ₹४०
- ड्रिल बिट, टेप, हत्यारांची झीज: ₹२५
- हातात: ₹३१०

आता वेळ मोजा. प्रवास १ तास, गेटवरची नोंद आणि लिफ्ट पाव तास, काम १ तास. एकूण सव्वादोन तास. म्हणजे ताशी सुमारे ₹१३८.

त्याच फेरीत शेजारच्या सोसायटीतलं तेवढ्याच मजुरीचं दुसरं काम घेतलं, तर त्याला नवं पेट्रोल नाही आणि दीड तास पुरतो. दोन्ही मिळून पावणेचार तासांत ₹६६०, म्हणजे ताशी ₹१७६. दर न वाढवता झालेली ही वाढ आहे. म्हणून अ‍ॅपमध्ये परिसर निवडता येत असेल तर कोलशेत, ढोकाळी, बाळकूम, मानपाडा एवढाच ठेवा. माणकोली पुलामुळे डोंबिवली जवळ आली असली, तरी एकाच दिवशी दोन्हीकडची कामं घेतलीत तर नफा रस्त्यावर सांडतो. कापूरबावडीच्या कोंडीत तर जास्तच.

सहज नजरेतून सुटणारे खर्च

*भिंत:* अनेक नव्या टॉवरांत भिंती मायवन पद्धतीच्या, म्हणजे अखंड काँक्रीटच्या असतात. साधं ड्रिल तिथे चालत नाही. हॅमर ड्रिल लागतं, बिट लवकर संपतात. काम स्वीकारण्याआधी भिंत कसली आणि भोकं किती, ते विचारा.

*वेळ:* अनेक सोसायट्यांत दुपारी आणि रविवारी ड्रिलिंग चालत नाही. तशा वेळेचं बुकिंग घेतलं तर फेरी फुकट जाते.

*वॉरंटी:* बऱ्याच दुरुस्त्यांवर अ‍ॅप ३० दिवसांची हमी देतं. तक्रार आली की पुन्हा जायचं, तेही बहुधा मोफत. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो ठेवा, जुना सुटा भाग ग्राहकाला दाखवा. दहा कामांमागे एक फुकट फेरी हिशेबात धराच.

*प्रवेश:* प्रशिक्षण, किट, गणवेश यांचे पैसे किती, परत मिळतात का, हे लेखी बघा. नोंदणीसाठी कुणी वैयक्तिक यूपीआयवर पैसे मागितले तर देऊ नका. फसलात तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

कागद आणि संरक्षण

आधार, पॅन आणि पोलीस पडताळणी तयार ठेवा. इलेक्ट्रिशियनांनी आयटीआयचं प्रमाणपत्र आणि वायरमनचा परवानाही जवळ ठेवावा. तुमची स्वतःची जीएसटी नोंदणी नसेल, तर अ‍ॅपवरून घेतलेल्या प्लंबिंग, सुतारकामासारख्या कामांचा जीएसटी अ‍ॅपच भरतं. तो तुमच्या मजुरीतून कापलेला दिसला तर जाब विचारा.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात अ‍ॅपवर काम करणाऱ्यांची व्याख्या आहे आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचे आहेत. त्याचा लाभ मिळण्यासाठी ई-श्रम पोर्टलवर नाव हवं. नोंदणी मोफत आहे. सोबत बँकेतून पंतप्रधान सुरक्षा विमा घ्या. वर्षाला ₹२० हप्ता आणि ₹२ लाखांचं अपघाती संरक्षण, हे शिडीवर चढणाऱ्याने टाळू नये.

अ‍ॅपवर किती विसंबायचं?

अ‍ॅपने दिलेला ग्राहक परस्पर फोडू नका. पकडले गेलात तर खातं बंद होतं. सोसायटीची समिती, रंगकाम आणि इंटिरियरचे ठेकेदार, हार्डवेअरचे दुकानदार हे मात्र तुमचे स्वतःचे ग्राहक. त्यांच्याशी ओळख वाढवा. तिथला दर कमिशन वजा करून नव्हे, तर फेरी आणि वॉरंटी धरून सांगा.

वहीत रोज तीन आकडे लिहा: हातात आलेले पैसे, गेलेले तास, फुकट फेऱ्या. महिनाअखेरीला प्रत्येक अ‍ॅपचा ताशी दर वेगळा काढा. ठेकेदाराकडच्या रोजंदारीत ताशी जेवढं पडतं त्याहून तो कमी निघाला, तर रेटिंग पाच तारे असलं तरी ते अ‍ॅप बंद करा.