जुन्या संगणकास ग्राफिक्स कार्ड : निवडीपूर्वीचा अभ्यास

आमच्या संगणक कक्षाकडे माजी विद्यार्थी व पालक यांच्याकडून जे प्रश्न येतात, त्यांत एक प्रश्न आता वारंवार येऊ लागला आहे. मुलगा बारावीला पोहोचलेला असतो. घरी एखाद्या कार्यालयातून निघालेला, स्वस्तात मिळालेला संगणक असतो. त्यावर नवे खेळ चालत नाहीत. ‘ग्राफिक्स कार्ड टाकावे लागेल’ असे मुलगा सांगतो आणि किंमत ऐकून वडील गप्प होतात. सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून ही रक्कम जाणार असेल, तर ती कशासाठी जात आहे हे घरातील सर्वांना समजले पाहिजे. या हेतूने हा विषय आम्ही स्मरणिकेसाठी घेतला आहे. खेळ खेळावा की न खेळावा, हा वाद येथे घेतलेला नाही. तो ज्या त्या घरचा आहे.

प्रथम हे कार्ड करते काय, ते पाहू. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २०,७३,६००. खेळ सुरळीत दिसण्यासाठी सेकंदाला ६० चित्रे लागतात असे धरले, तर दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर गुंतागुंतीचे काम वेगाने करण्यात तरबेज असतो, परंतु त्याचे हात मोजके. निंदणीला एकच हुशार माणूस लावून रान निघत नाही, तेथे बायांची टोळीच लागते. ग्राफिक्स कार्डात अशी शेकडो लहान गणनकेंद्रे एकाच वेळी तेच सोपे काम करीत असतात. हे तंत्र केवळ खेळापुरते राहिलेले नाही, हेही पालकांनी लक्षात घ्यावे. शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्याच संस्थेच्या २०२० मधील ‘परम सिद्धी-एआय’ या महासंगणकाचे सामर्थ्य प्रामुख्याने ग्राफिक्स प्रोसेसरांवर उभे आहे.

आता निवडीकडे वळू. आमचे स्पष्ट मत असे की, कार्ड हे सर्वांत शेवटी निवडावे. आधी संगणक उघडून पाहावा. दुकानदार कार्डाचे नाव व मेमरी सांगतो. तुमच्या कॅबिनेटमध्ये काय आहे, ते त्याला ठाऊक नसते.

पहिली गोष्ट एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारी पेटी. मदरबोर्डवरील ज्या खाचेत कार्ड बसते, ती खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज देऊ शकते. याहून अधिक वीज लागणाऱ्या कार्डास एसएमपीएसमधून स्वतंत्र वायर जोडावी लागते. सहा पिनांची वायर आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५० वॅट. कार्यालयीन संगणकांत ही वायर बहुधा नसतेच. एसएमपीएस बदलू म्हटले, तर काही ब्रँडेड संगणकांत मदरबोर्डची जोडणी नेहमीच्या २४ पिनांची नसून कंपनीची स्वतःची असते आणि बाजारातील पेटी तेथे बसत नाही. साध्या जोडणीतून वायर ओढून देणारे अडॉप्टर मिळतात, पण जुन्या, लहान पेटीवर ते लावू नयेत. तेथे वायर तापते, आणि धोका केवळ कार्डापुरता राहत नाही.

दुसरी गोष्ट जागा. अरुंद कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड मावत नाही. तेथे ‘लो प्रोफाइल’ प्रकारचेच लागते. टेप घेऊन लांबी व उंची मोजावी. शेजारची खाच मोकळी आहे का, तेही पाहावे, कारण बरीच कार्डे दोन खाचांची जागा अडवतात.

या दोन अटी लावल्या की यादी आपोआप आखूड होते. २०१६ चे जीटीएक्स १०५० टीआय आणि २०१९ चे जीटीएक्स १६५०, दोन्ही ४ जीबीची व ७५ वॅटमध्ये चालणारी. मात्र १६५० चे काही नमुने सहा पिनांची वायर मागतात, तेव्हा खोक्यावरचे छायाचित्र न पाहता कार्डाची कड पाहावी. या दोहोंत आम्ही १६५० कडे झुकतो. दहाच्या मालिकेतील कार्डांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर काढणे कंपनीने ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले आहे. १६५० ला ते अजून मिळतात. नवेच घ्यायचे असेल, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५० चे ६ जीबी रूप ७० वॅटचे असून त्याच्या बहुतेक नमुन्यांना वायर लागत नाही. येथे नावाचा घोटाळा आहे. याच नावाचे ८ जीबी रूप १३० वॅटचे असून त्यास वायर लागतेच. दुकानात केवळ ‘३०५० द्या’ म्हणू नये.

नावाचे असे घोटाळे स्वस्त कार्डांत अधिक. जीटी १०३० दोन प्रकारची आहेत, एक जीडीडीआर५ मेमरीचे आणि दुसरे डीडीआर४ चे. दुसऱ्याच्या मेमरीचा वेग पहिल्याच्या सुमारे एकतृतीयांश आहे, तरी नाव एकच. आरएक्स ६४०० हे २०२२ चे कार्ड ५३ वॅटचे, म्हणून मोहक वाटते. परंतु ते मदरबोर्डशी चारच मार्गिकांनी बोलते. नव्या मदरबोर्डवर ते निभावते. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या खाचेत त्या मार्गिकांचा वेग निम्मा होतो आणि ४ जीबी मेमरी भरली की खेळ अडखळू लागतो.

तिसरी गोष्ट प्रोसेसर. तो मागे पडत असेल, तर महागडे कार्ड नुसते वाट पाहत बसते. हे ओळखण्याची एक फुकट परीक्षा आहे. खेळ चालू असताना पडद्याचे रिझोल्यूशन कमी करून पाहावे. चित्रांची संख्या वाढली, तर अडचण ग्राफिक्सची. तेवढीच राहिली, तर प्रोसेसरची, आणि मग कार्डावर पैसा घालण्यात अर्थ नाही. रॅम ४ जीबीच असेल, तर आधी ती ८ किंवा १६ करावी. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. व्हॅलोरंटसारखा खेळ चांगल्या अंगभूत ग्राफिक्सवरही चालतो. रॅमची एकच पट्टी असेल आणि तिला दुसरी समान पट्टी जोडली, तर अंगभूत ग्राफिक्सचा वेग आणखी वाढतो. अनेक घरांत खर्च येथेच संपू शकतो.

संगणकाचे वयही पाहावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलचे चौथ्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. तरीही विनावायरीचे कार्ड घेतले, तर ते उद्या दुसऱ्या संगणकात नेता येते. जुन्या मदरबोर्डसाठी घेतलेली रॅम मात्र नेता येत नाही.

जुन्या कार्डांचा बाजार मोठा आहे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ते ‘खणण्यासाठी’ रात्रंदिवस चालवलेली कार्डे जगभर विक्रीस निघाली. आरएक्स ५८० हे त्यांतले नेहमी दिसणारे. ८ जीबी मेमरी आणि कमी किंमत पाहून मुले त्यावर लुब्ध होतात, पण त्याची वीज १८५ वॅटच्या घरात आहे. असे कार्ड वाईटच असते असे नाही. त्याचे पंखे व मेमरी यांनी बरेच आयुष्य खर्चलेले असते, एवढे खरे. याहून वाईट म्हणजे बनावट कार्डे. फार जुन्या चिपवर नवे नाव चढवून ती १०५० टीआय म्हणून विकली जातात. ‘जीपीयू-झेड’ हा मोफत प्रोग्रॅम अशी लबाडी बहुधा उघड करतो. विक्रेत्यासमोर अर्धा तास खेळ चालवून पाहावा. चालवू देत नसेल, तर परत यावे. नव्या कार्डाचे १८ टक्के जीएसटीसह पक्के बिल घ्यावे व त्यावर सिरियल नंबर लिहून घ्यावा. वॉरंटीच्या वेळी तोच विचारला जातो.

आपल्या जिल्ह्याचा विचार वेगळा करावा लागतो. बुलडाणा शहर डोंगरावर आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णेकाठचा भाग मात्र मे महिन्यात भाजून निघतो. बाहेर ४३ अंश असताना पत्र्याच्या खोलीतील कार्ड लवकर तापते आणि स्वतःस वाचविण्यासाठी वेग कमी करते. कॅबिनेट भिंतीला चिकटवू नये, मागे पंखा असावा, आणि कापसाच्या हंगामात रुईचे तंतू पंख्यांत अडकतात, ते ब्रशने काढावेत. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो. चौथ्या पिढीचा प्रोसेसर, ७५ वॅटचे कार्ड व पडदा मिळून त्यावर निभावून जाते. १८५ वॅटचे कार्ड घातले, की वीज जाताच यूपीएसही बसण्याची भीती असते.

खेळाव्यतिरिक्त उपयोग सांगितला तर पालकांना निर्णय सोपा जातो. ब्लेंडर या मोफत प्रोग्रॅमवर त्रिमिती चित्रे करणे, लग्नाचे किंवा १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे चित्रीकरण संपादित करणे, यांस कार्डाची खरी मदत होते. आरएक्स ६४०० मध्ये व्हिडिओ तयार करणारी यंत्रणाच नाही, म्हणून या कामासाठी ते घेऊ नये. फ्लेक्स व पत्रिकांच्या डिझाइनला कार्डापेक्षा रॅमच अधिक उपयोगी पडते.

कार्ड बसविताना मुख्य वायर काढावी, पॉवरचे बटण एकदा दाबून उरलेली वीज सोडावी, कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच कार्ड धरावे. कार्ड खाचेत ‘टक’ असा आवाज होईपर्यंत दाबावे. आणि पडद्याची केबल मदरबोर्डच्या जुन्या जोडणीतून काढून कार्डाच्या जोडणीत लावावी. ‘कार्ड टाकले, पण काहीच फरक पडला नाही’ अशा तक्रारींत आम्ही आधी ही केबलच पाहावयास सांगतो.