पोतं उघडण्याचा अधिकार

लातूर

चि. अनघास,


तालुका कृषी अधिकारी म्हणून रुजू झाल्याचं ताईकडून कळलं. पेढे मात्र अजून आलेले नाहीत.

एव्हाना सगळे तुला उद्दिष्टांबद्दलच विचारत असतील. महाडीबीटीवर अर्ज किती, ठिबकची मोका तपासणी किती झाली, शेततळ्यांचे फोटो कुठे आहेत. ती कामं कर, आढावा बैठकीत त्यांचीच झाडाझडती होते. पण खत-बियाण्यांच्या दुकानदाराच्या गोदामात शिरून पोतं उघडायला लावण्याचा अधिकार निरीक्षक म्हणून तुला आहे. तो तलाठ्याला नाही, सरपंचाला नाही, आमदारालाही नाही. हा अधिकार बहुतेक जण वापरतच नाहीत, असं माझं मत आहे.

१९६६चा बियाणे कायदा, १९६८चा कीटकनाशक कायदा आणि १९८५चा खत नियंत्रण आदेश मुळातून वाच. गाईडवर विसंबू नकोस. बियाण्याच्या नमुन्याचे तीन भाग होतात: एक विक्रेत्याला, एक प्रयोगशाळेला, एक आपल्याकडे. सील, सह्या, पंच यांत कुठे ढिलाई झाली की कोर्टात समोरचा वकील बियाण्याबद्दल बोलतच नाही, तुझ्या कागदांबद्दलच बोलतो.

खरिपाच्या तोंडावर युरियाच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारतात, त्या लिंकिंगवर नजर ठेव. शेतकरी लेखी तक्रार देणार नाही. त्याच दुकानात त्याची उधारी असते! तेव्हा तक्रारीची वाट न पाहता जा. ई-पॉसवरचा साठा आणि गोदामातली पोती स्वतः जुळवून बघ. कुठल्या दुकानात जायचं ते ड्रायव्हरलाही आधी सांगू नकोस.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कुठलं औषध कशात मिसळायचं हे गावोगाव आजही बहुधा दुकानाच्या काउंटरवरच ठरतं. तुझे सहायक फवारणीच्या हंगामात गावात दिसायला हवेत, तालुक्याच्या ऑफिसात ऑनलाइन माहिती भरताना नव्हे. आणि पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून घराघरांत उगवण तपासून घ्या. सत्तरच्या खाली उगवले तर ते बियाणं पेरू देऊ नका.

विक्रीबंदचा आदेश काढलास की फोन येतील. दडपण तोंडी येतं, त्यामुळे तू प्रत्येक गोष्ट लेखी ठेव.

दिवाळीला येशील तेव्हा किती दुकानांतून नमुने घेतलेस ते सांग. ठिबकचा आकडा मला नको.

तुझा,
मामा