फाटलेला खेळाचा सदरा



केज तालुक्यांतील अनेक कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं दूरच्या कारखान्यांकडे जातात. कित्येक मुलें आजीआजोबांपाशीं किंवा वसतिगृहांत राहून शाळा करितात. अशा मुलाचा कबड्डीचा सदरा फाटला म्हणजे नवा घेण्यास पैसा हाताशीं नसतो, आणि लाजेपायीं मूल मैदानावर जाणें सोडतें. अर्ध्या तासाच्या सुईदोऱ्यानें त्याचा खेळ वांचूं शकतो. यास्तव पुढील गोष्टी ध्यानांत घ्याव्या.

१. फाटलें कोठें तें पाहावें. पकडींत सदऱ्याला हिसका बसला म्हणजे पुष्कळदां कापड शाबूत राहतें व कांखेची किंवा खांद्याची शिवण उसवते. अशा वेळीं तेवढीच शिवण पुन्हा घालावी.

२. कापड ओळखावें. हल्लींचे खेळाचे कपडे बहुधा पॉलिएस्टरचे असून ते ताणले जातात. त्यांवर घट्ट धावदोरा घातल्यास तो ताणासरशीं तुटतो. हातानें उलटी टीप घालावी व दोरा ओढून धरूं नये. यंत्रावर नागमोडी टीप उत्तम. दोराही पॉलिएस्टरचाच असावा. सुईचें टोंक गोलसर असावें. तीक्ष्ण टोंकानें विणीचे धागे तुटून नवीं भोंकें पडतात.

३. ठिगळ विचारानें लावावें. कोऱ्या कापडाचें ठिगळ जुन्या वस्त्राला फाडतें, हा मत्तय ९:१६ मधील दाखला आपणांस ठाऊक आहे. त्याचें कारण वाकळ शिवणारी आजीही सांगेल : कोरें सुती कापड धुतल्यावर आटतें आणि भोंवतालचें झिजलेलें कापड ओढून घेतें. म्हणून सुती ठिगळ आधीं धुवून घ्यावें. ताणणाऱ्या सदऱ्यास दुसऱ्या जुन्या सदऱ्याचा तसाच ताणणारा तुकडा आंतून लावावा व त्याचे कोपरे गोल कापावे.

४. इस्त्री फार तापवूं नये. पॉलिएस्टर उष्णतेनें वितळतें. तें खनिज तेलापासून होतें, त्यामुळें उकिरड्यावर टाकलेला सदरा सुताप्रमाणें मातींत कुजत नाहीं. हेंही शिवून वापरण्यास एक कारण होय.

ठिगळाला कोणी हसेल, तर वडील माणसांनीं त्यास तेथेंच आवरावें. याहून बरें म्हणजे संघांतील सर्व मुलांनीं सुटीच्या दिवशीं एकत्र बसून आपापले सदरे शिवावे. सर्वांच्याच सदऱ्यावर टांके दिसूं लागले म्हणजे कोण कोणास हसेल ?

विचारासाठीं प्रश्न : (१) शिवण उसवणें व कापड फाटणें यांत भेद काय ? (२) कोरें ठिगळ आधीं कां धुवावें ? (३) आपल्या गांवांत कोणतें मूल कपड्यापायीं खेळास मुकलें आहे ?