आतलं लिहून घ्या

माझ्या घराचं इंटिरिअर करणाऱ्या कंपनीशी माझा वाद अजून मिटलेला नाही आणि त्याची हकिगत मी इथे सांगत बसणार नाही. हकिगत ऐकली की लोक ‘तुमचं नशीब वाईट’ म्हणून मोकळे होतात, आणि इथे प्रश्न नशिबाचा नाहीच. सध्या शहरांतल्या फ्लॅटमध्ये जी सजावट चालली आहे ती बहुतेक सगळी पुढून दिसणाऱ्या एका पातळ थरावर उभी आहे. टीव्हीमागे लूव्हर्सचं पॅनल, छतात प्रोफाइल लाइट, मूठ नसलेली किचनची शटर्स, उघड्या शेल्फवर मातीची दोन भांडी, आणि सगळीकडे तो फिकट बेज रंग, ज्याच्या जोरावर ‘जपांडी’ शैली विकली जाते. दिसायला हे सुंदर असतं, ते मी नाकारत नाही. पण विकलं जातं ते हे दिसणं, पैसे लावले जातात तेही या दिसण्याच्या चौरस फुटांवर, आणि घर टिकतं की सडतं ते मात्र त्याच्या मागे काय आहे त्यावर ठरतं. त्या मागच्या भागाबद्दल करारात जवळजवळ काहीच लिहिलेलं नसतं. यात गफलत नाही, धंद्याची पद्धतच तशी आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

कोणतंही कोटेशन समोर घ्या. वॉर्डरोबचं मोजमाप पुढच्या बाजूचं असतं, रुंदी गुणिले उंची. सात फूट रुंद आणि सात फूट उंच कपाट म्हणजे ४९ चौरस फूट. आता तेच कपाट दोन फूट खोल धरा. दोन बाजू, वरची आणि खालची फळी, मधली दोन उभी पार्टिशनं आणि पाठ एवढंच मोजलं तरी १३३ चौरस फूट होतात, कप्पे वेगळेच. पुढच्या ४९ फुटांचं लॅमिनेट निवडायला तुम्हाला शोरूममध्ये दोन-दोन तास बसवतात, शेड कार्ड दाखवतात, चहा देतात. मागच्या १३३ फुटांसाठी कोटेशनमध्ये ‘इंजिनीअर्ड वुड’ असा एक मोघम शेरा असतो. त्यात पार्टिकल बोर्डही बसतो, एमडीएफही बसतो, एमआर ग्रेडचा साधा प्लायही बसतो. पार्टिकल बोर्ड आणि चांगला मरीन प्लाय यांच्या दरात दुपटीहून जास्त फरक आहे. म्हणजे चौरस फुटाचा दर तोच ठेवून नफा कुठे वाढवायचा, याची जागा कोटेशननेच करून ठेवलेली आहे.

माल ओळखण्यात गूढ काही नाही. एमआर म्हणजे दमटपणा सोसणारा प्लाय. पाणी सोसण्यासाठी तो नसतो. बीडब्ल्यूआर आणि बीडब्ल्यूपी हे उकळत्या पाण्याच्या चाचणीतून गेलेले ग्रेड. सर्वसाधारण प्लायचं भारतीय मानक आयएस ३०३, मरीन प्लायचं आयएस ७१०. बाजारात ‘७१०’ हा आकडा कुठल्याही फळीवर छापलेला सापडतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका. खऱ्या शिक्क्यात आयएसआयच्या चिन्हावर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक. तो बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकला की परवाना कोणत्या उत्पादकाचा आणि कोणत्या मालासाठीचा ते कळतं. कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या फर्निचरवर मात्र लॅमिनेटखाली शिक्का झाकला जातो, आणि कंपन्यांना ते सोयीचंच आहे. अशा वेळी शटर उघडून बिजागरीसाठी पाडलेलं ३५ मिलिमीटरचं भोक बघायला सांगतात, पण तिथे फक्त शटरचा माल दिसतो. खोक्याचा माल बघायचा तर कप्प्याच्या पिनांची भोकं बघा, वायर किंवा पाइपसाठी पाडलेलं भोक बघा. प्लाय असेल तर थरावर थर दिसतात, एमडीएफ पुठ्ठ्यासारखा एकसंध दिसतो, पार्टिकल बोर्डमध्ये भुशाचे आणि चिपांचे दाणे दिसतात. माल उतरतानाच हे बघायचं, बसवून झाल्यावर नाही.

सिंकखालच्या खोक्याची पाठ हा सगळ्यात बोलका पुरावा आहे. ती बहुतेक वेळा सहा मिलिमीटरच्या एमडीएफची असते. सिंकचा आउटलेट पाइप भिंतीकडे न्यायला फिटर तिच्यात जागेवरच होल-सॉ चालवतो. खोक्याच्या बाकी सगळ्या कडांना कारखान्यात एज बँड लागलेला असतो. या भोकाची कड उघडी राहते. ना बँड, ना सिलिकॉन. पाइपाच्या जॉइंटवरून थेंब ओघळतो तो नेमका त्या उघड्या कडेवर. एमडीएफ पाणी पितो आणि फुगतो, आणि एकदा फुगलेला एमडीएफ वाळला तरी पूर्ववत होत नाही. आधी भोकाभोवती लॅमिनेटचा फुगवटा येतो, मग तळाची फळी पाठीला टेकते तिथे काळसर रेघ उमटते, मग शटर बंद होताना घासायला लागतं, कारण बाजूची फळी जाड झालेली असते. ग्राहकाला कळतं ते शटर घासायला लागल्यावर. तक्रार केली की येणारा माणूस बिजागरीचे दोन स्क्रू फिरवून शटर सरळ करतो, फोटो काढतो आणि तक्रार बंद झाल्याचा मेसेज येतो. पुढच्या वेळी फुगवटा दाखवला की उत्तर ठरलेलं असतं: पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. किचन सिंकखालच्या खोक्याला पाणी लागणार नाही हे गृहीत धरून ज्यांनी वॉरंटी लिहिली, त्यांना आपण काय विकतोय ते नीट माहीत असतं. दहा वर्षांची वॉरंटी मोठ्या अक्षरांत असते. ओल, गळती आणि वाळवी हे अपवाद आतल्या पानावर. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे पावसाळाभर हवाच ओली असते. फर्निचर बिघडण्याची जी मुख्य कारणं, तीच वगळून उरलेल्या कशाची ही हमी?

या संदर्भात कडप्प्याबद्दल बोलायलाच हवं. आपल्याकडच्या हजारो इमारतींत बिल्डर ओट्याखाली कडप्प्याचे उभे टेकू आणि आडवे कप्पे देतो. आंध्रातला काळा चुनखडीचा दगड, ना फुगतो ना कुजतो, वाळवी त्याला लागत नाही. त्यात स्टीलच्या ट्रॉल्या बसवून आणि पुढे शटर लावून पुण्या-कोल्हापुरात वर्षानुवर्षं किचनं चालली आहेत. मॉड्युलर कंपन्यांचा पहिला सल्ला मात्र ‘हे फोडून टाकू’ हा असतो. कारण त्यांचे खोके ठरावीक मापांत येतात आणि कडप्प्याच्या कप्प्यात ते बसत नाहीत. म्हणजे घरातला सगळ्यात टिकाऊ भाग काढून तिथे सगळ्यात नाजूक भाग बसवायचा, आणि दोन्हीचे पैसे ग्राहकाने द्यायचे, फोडण्याचे आणि बसवण्याचे. कडप्पा ठेवायचा असेल तर ठेवा. शटर नवी करा, ट्रॉल्या नव्या करा. स्टील ३०४ ग्रेडचं आहे असं बिलावर लिहून घ्या, कारण २०२ दिसायला तसंच असतं आणि मिठाच्या, लिंबाच्या सहवासात लवकर गंजतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो की आता ओलावा सोसणारे नवे बोर्ड आले आहेत, प्लायचा आग्रह जुनाट झाला. त्यातला एचडीएचएमआर साध्या एमडीएफपेक्षा खूप चांगला आहे, हे खरं आहे. कोरड्या बेडरूममधल्या कपाटाला तर चांगला पार्टिकल बोर्डही चालतो, पुण्यात किंवा सोलापुरात तर नक्कीच. माझा आग्रह एका मालाचा नाही. कुठे कोणता माल लावला हे ग्राहकाला आधी लेखी कळलं पाहिजे आणि किंमत त्याप्रमाणे ठरली पाहिजे, एवढाच आहे. बोर्ड चांगला असेल तर त्याचं नाव, जाडी, मानक लिहायला कंपनी का कचरते? दुसरा आक्षेप असा की स्थानिक सुतार काय कमी फसवतो? फसवतो, आणि तारखाही पाळत नाही, शिवाय हाताने लावलेला एज बँड कारखान्यातल्या गरम गोंदाच्या बँडइतका पक्का बसत नाही. पण सुताराच्या कामात प्लायचा ताव अख्खा, शिक्क्यासकट तुमच्या दारात येतो, आणि बिल तुमच्या नावावर असू शकतं. काय आहे ते बघण्याची संधी तिथे असते. कंपनीच्या कामात ती संधीच काढून घेतली जाते आणि त्याला ‘त्रासमुक्त’ सेवा म्हणतात.

मागे काय दडतं ते आधी बघायचं, हाच नियम बाकीच्या फॅशनलाही लावा. राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे जेमतेम नऊ फूट. बिल्डर सहसा किमानाच्या फार वर जात नाही. त्यात सहा-आठ इंच खाली फॉल्स सिलिंग घेतलं की पंखा डोक्याशी येतो आणि उकाडा वाढतो. बाथरूममध्ये तर फॉल्स सिलिंगमागे वरच्या मजल्याची गळती महिनोन्‌महिने दडून राहते. करायचंच असेल तर उघडता येणारा ट्रॅपडोअर ठेवा. बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः पावसाच्या माऱ्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर, लूव्हर्स किंवा पॅनल लावू नका, मागे ओल धरते आणि ते काढल्याशिवाय दिसत नाही. उघडी शेल्फं फोडणी घालणाऱ्या घरांसाठी नाहीत. बंद एसी बेडरूममध्ये नवा बोर्ड येणार असेल तर फॉर्माल्डिहाइड उत्सर्जनाचा वर्ग विचारा, किमान ई-वन, शक्यतो ई-झीरो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा वायू २००४ सालीच माणसाला कर्करोगकारक ठरवला आहे. रंगाचं तुम्ही बघा, ज्याची त्याची आवड.

कंपन्या ग्राहकाशी असं का वागू शकतात, त्याचं उत्तर पैशाच्या हप्त्यांत आहे. बुकिंगला दहा टक्के, कारखान्यात काम सुरू होण्याआधी पन्नास, माल निघण्याआधी चाळीस, हे वेळापत्रक सर्रास चालतं. म्हणजे पहिली फळी दारात येते तेव्हा ग्राहकाच्या हातात काहीच उरलेलं नसतं. तोपर्यंत दिवसाला तीन मेसेज करणारे डिझायनर त्यानंतर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेले असतात, साइट सुपरवायझरला थ्रीडी चित्रात काय होतं ते माहीत नसतं, आणि चित्रात दिसलेली वस्तू ‘स्कोपमध्ये नव्हती’ असं सांगितलं जातं. थ्रीडी चित्राला करारात जागा नसते, पण विक्री सगळी त्याच चित्रावर होते. मला सर्वाधिक संताप याचा येतो. आणि यावर अंकुश ठेवणारंही कुणी नाही. ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद १९७२च्या कायद्याने नोंदणीकृत व्यक्तीलाच लावता येतं. इंटिरिअर डिझायनर म्हणवून घ्यायला असा कोणताही कायदा आड येत नाही. गैरवर्तनाबद्दल नोंदणी काढून घेऊ शकेल अशी परिषद या व्यवसायावर नाही. रेराचाही इथे उपयोग नाही, तो बिल्डरसाठी आहे. उलट इंटिरिअरसाठी भिंती फोडल्या की बिल्डर आपल्या पाच वर्षांच्या दोषदायित्वातून अंग काढायला बघतो.

म्हणून सही करण्याआधी करारात या गोष्टी आणा. प्रत्येक खोक्याच्या बाजू, तळ, पाठ आणि शटर यांचा माल, जाडी आणि मानक वेगवेगळं लिहिलेलं असावं. ओल्या जागांची पाठ किमान बीडब्ल्यूआर प्लायची आणि जागेवर पाडलेली प्रत्येक कड सील करण्याची जबाबदारी कंपनीची. थ्रीडी चित्रं सहीसकट कराराला जोडलेली. बिजागरी आणि चॅनल यांचा ब्रँड आणि मॉडेल. १८ टक्के जीएसटी धरून एकूण आकडा. आणि शेवटचा हप्ता, दहा टक्के तरी, काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर. याला कंपनी हमखास ‘आमच्या पॉलिसीत नाही’ म्हणेल. तसं म्हणणाऱ्या कंपनीला काम देऊ नका. नवं किचन दोन महिने उशिरा झालं तरी चालतं.

आणि वाद झालाच, तर करारातल्या दोन कलमांना घाबरू नका. कंपनीचं मुख्यालय ज्या शहरात आहे तिथल्याच न्यायालयात जावं लागेल, हे एक. लवादाकडेच जावं लागेल, हे दुसरं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एम्मार एमजीएफच्या प्रकरणात स्पष्ट केलं. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगातच चालतं, आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि कंपनीच्या ‘लवकरच टीम पाठवतो’ या मेलांनी ती वाढत नाही. पहिला फुगवटा दिसला त्या दिवसाचे फोटो, तारीख आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेली नोटीस जवळ ठेवा. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाकडून त्याने काय बघितलं ते जॉब शीटवर लिहून घेतल्याशिवाय सही देऊ नका.