हृदयाला छिद्र असलेलं बाळ आणि पुढचा पाळणा



जन्मणाऱ्या दर १००० बाळांत साधारण ८-९ बाळांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. दूध ओढताना बाळाला घाम फुटतो, धाप लागते, वजन वाढत नाही, रडताना ओठ निळे पडतात. ही दृष्ट नव्हे. मीठ-मोहऱ्या ओवाळण्यात दिवस घालवू नका.

बाळ एक दिवसाचं झालं की उजव्या हाताला व पायाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजता येतो. सुई टोचत नाहीत. इंग्लंडात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या २० हजार बाळांच्या अभ्यासात या चिमट्याने एरवी नजरेतून सुटणारे दोष पकडले. मग टूडी एको करतात. लहान छिद्र कधी आपोआप बुजतं. काही छिद्रांना मांडीच्या शिरेतून नेऊन झाकण बसवतात, छाती उघडावी लागत नाही. काहींना मात्र शस्त्रक्रियाच हवी.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, तपासणी-उपचार मोफत. कोल्हापुरात सी.पी.आर. रुग्णालयात चौकशी करा.

असं लेकरू निघालं की वडीलधारी म्हणतात, "दुसरं लवकर होऊ द्या." ऐकू नका! आधी याचे उपचार होऊ द्या. तोवर तांबी किंवा निरोध वापरा. आईला बोल लावू नका. पुढच्या बाळाला दोष असण्याची शक्यता थोडी वाढते, शंभरात दोन-तीन. म्हणून दिवस राहताच डॉक्टरांना सांगा. मधुमेह असेल, मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल, तर तेही सांगा. १८ ते २२ आठवड्यांत पोटातल्या बाळाचं हृदय सोनोग्राफीत दिसतं.